कुणीही नेमलं नव्हतं

बस चौकाच्या तोंडाशी येऊन थांबली. आता ही थांबूनच राहणार, या हिशेबानं तिनं खिडकीच्या काचेला डोकं टेकवलं, आणि तेव्हाच चौकाच्या मधोमध, बंद सिग्नलच्या खांबाशेजारी, एक हात वर धरून उभा असलेला माणूस तिला दिसला. खरं म्हणजे आधी नुसता हात दिसला. मग त्या हाताच्या बाहीचं लोंबणारं बटण. हे बटण काल शिवायचं होतं, राहूनच गेलं, असं तिच्या मनात सहज येऊन गेलं. आणि ते येऊन गेल्यावर मग तिला कळलं की हा आपला नवरा आहे. सकाळी तो तिच्याआधी घरातून निघाला होता. वाचनालयात जातो म्हणाला होता. हल्ली रोजच तो लवकर निघायचा आणि तिला बरं वाटायचं, की निवृत्त झालेला माणूस घरात भिंतीकडे बघत बसण्यापेक्षा चार पुस्तकांत जाऊन बसतोय. आणि तो इथे होता. ट्रक, बस, मोटारसायकली आणि टेम्पो यांच्या मध्ये, अंगात तिनंच इस्त्री केलेला शर्ट घालून, एका बाजूच्या सगळ्या गाड्यांना त्यानं नुसत्या तळहातानं थोपवून धरलं होतं आणि दुसऱ्या हातानं दुसऱ्या बाजूला, वर्गात मागच्या बाकावरच्या मुलाला पुढे बोलवावं तसा, या, या, म्हणत होता. तिला पहिल्यांदा काय वाटलं असेल तर लाज. भर लग्नात आपल्याच माणसानं उठून बेसूर गायला सुरुवात करावी तशी. तिनं आजूबाजूला पाहिलं. बसमधलं कुणीच हसत नव्हतं. कुणी नीट बघतही नव्हतं. आणि मग बस चालायला लागली. ज्या चौकात ती रोज डुलकी काढायची, तो चौक बसनं सरळ ओलांडला, आणि काचेपलीकडून तिचा नवरा तिच्याकडे न बघता, घामानं निथळत, मागे सरकत गेला.

मनातल्या मनात ती त्याला नेहमी ‘तो’च म्हणत आली होती, तोंडानं ‘अहो’. या दोन्हींच्या मधल्या जागेत त्यांचा संसार झाला होता. हा माणूस रस्ता ओलांडताना अजून तिचं कोपर धरायचा. इतिहास शिकवण्यात त्याचा जन्म गेला, पण गाडी उजवीकडून येते की डावीकडून हे त्याला कधी पक्कं कळलं नाही. आणि देशाबद्दल तर बोलायलाच नको. सकाळी वर्तमानपत्राची घडी उलगडली की पहिल्या पानावर नजर टाकून तो म्हणायचा, “संपला देश.” आवाजात ना राग, ना दुःख. दूध आलं, असं सांगावं तसा. रोज. पेट्रोलच्या रांगा सुरू झाल्या तेव्हा म्हणाला, वीज पाळीपाळीनं यायला लागली तेव्हा म्हणाला, औषधांच्या दुकानात फळ्यांमागची भिंत दिसायला लागली तेव्हा म्हणाला. वाहतुकीचे पोलीस पेट्रोल पंपांवरच्या मारामाऱ्या आवरायला नेले आणि शहरातले सिग्नल आंधळे झाले, तेव्हा तर त्याला जरा समाधानच झाल्यासारखं वाटलं होतं, की बघ, मी म्हणत नव्हतो? तिला ते लागायचं. ती सरकारी छापखान्यात मुद्रितं तपासायची. शाळेच्या पुस्तकांतला ‘आपला देश’ हा धडा तिच्या हाताखालून किती वेळा गेला असेल याला गणती नव्हती. धड्यातले आकडे बदलत गेले, विशेषणं तीच राहिली. कुठे सुजलामधला उकार चुकला, कुठे ‘समृद्ध’मधला अर्धा द सुटला, ते ती लाल शाईनं दुरुस्त करायची, आणि करताना तिला खरोखरच काहीतरी दुरुस्त केल्यासारखं वाटायचं. हे तिनं नवऱ्याला कधी सांगितलं नाही. त्यानं चेष्टा केली नसती. नुसतं चष्म्यावरून बघितलं असतं. आणि ते चेष्टेपेक्षा वाईट.

तिचे बाबा रेडिओवर राष्ट्रगीत लागलं की घरात उभे राहायचे. हे तिला आता का आठवावं? बाबा दाढी करत असले तर तसेच, अर्ध्या गालावर साबण, हातात वस्तरा, कमरेला टॉवेल, ताठ. आई चुलीपुढे ताठ, आणि दूध तिच्या डोळ्यांदेखत उतू जायचं, पण बाबा वळून बघेपर्यंत ती हलायची नाही. गीत संपलं की मग आरडाओरडा. लग्न ठरल्यावर हा पहिल्यांदा घरी आला तेव्हा नेमकं तेच झालं. सगळे उभे राहिले आणि हा बसून राहिला. मुद्दाम नव्हे, कपबशी मांडीवर होती, आणि उठण्यासारखं काय घडलं ते त्याच्या ध्यानातच आलं नाही. सगळं घर उभं आणि मध्ये हा, बशीत चहा ओतणारा. रात्री बाबा आईला एवढंच म्हणाले, “मुलगा हुशार आहे. पण त्याला कुणाचं काही लागत नाही.” भिंतीपलीकडून तिनं ते ऐकलं होतं. आणि पुढे कितीतरी वर्षं, मुलगी तापानं फणफणली असताना हा रात्रभर तिला खांद्यावर घेऊन येरझारा घालत होता तेव्हासुद्धा, ते वाक्य तिच्या मनात कुठेतरी कोपऱ्यात बसूनच होतं. कुणाचं काही लागत नाही. ती पुढच्या थांब्यावर उतरली. छापखान्याचा थांबा अजून दूर होता. उतरताना कंडक्टर म्हणाला, “मावशी, इथे कुठे?” ती म्हणाली, “काम आहे.” काय काम ते तिचं तिलाच माहीत नव्हतं.

चौकापर्यंत मागे चालत येताना तिच्या डोक्यात बबडीच फिरत होती. बबडी म्हणजे त्यांची लेक. आता दोन मुलांची आई, तरी नाव तेच. नोकरीनिमित्त परदेशी गेली आणि तिथलीच झाली. गेल्या आठवड्यात फोनवर बोलता बोलता ती म्हणाली होती, “आई, तुमच्याकडे अजून जातात का गं दिवे?” तुमच्याकडे. ते म्हणताना बबडी अडखळलीसुद्धा नाही. जीभ आपसूक तिकडे वळली होती, आणि म्हणूनच ते जास्त बोचलं. आधी ती ‘आपल्याकडे’ म्हणायची. कधी बदललं असेल? मुद्रितं तपासणाऱ्या बाईच्या नजरेतून असा शब्द निसटत नाही. तो मनाच्या समासात लाल खूण करून बसला. त्याच फोनवर बबडीनं सांगितलं होतं की तुमची तिकिटं काढली आहेत, खोली तयार आहे, बाबांना पुस्तकांसाठी कपाटसुद्धा घेतलंय. पोरीनं किती मायेनं केलं होतं सगळं. तो म्हणाला होता, “चला, सुटलो.” तिनं भांड्यांची बांधाबांध सुरू केली होती. जी माणसं जाऊ शकत होती ती जातच होती. त्यांच्या इमारतीत खालच्या मजल्यापासून वरच्यापर्यंत कुलुपं दिसायला लागली होती, आणि गेलेल्यांना कुणी नावं ठेवत नव्हतं. नावं ठेवायला मागे राहतंय कोण?

चौकाच्या एका कोपऱ्याला मुलांचा दवाखाना होता आणि समोरच्या कोपऱ्याला चष्म्याचं दुकान. ती दुकानाच्या पायरीपाशी, जाहिरातीच्या मोठ्या पुठ्ठ्याच्या चष्म्याआड उभी राहिली, आणि आपल्याच नवऱ्याकडे चोरून बघायला लागली. चोरून बघण्यात एक गंमत असते, ती तिला लग्नानंतर पहिल्यांदाच मिळत होती. तो चुकत होता. दोनदा त्यानं भलत्याच बाजूला सोडलं, एकदा दोन्ही बाजूंना एकदम बोलावून बसला आणि मग कपाळावर हात मारून, माफ करा, माफ करा, म्हणत एका टेम्पोला हातानं ढकलल्यासारखं करत मागे पाठवलं. पण चुकल्यावर तो बाजूला होत नव्हता. दर थोड्या वेळानं तो दवाखान्याच्या फाटकाकडे मान वळवायचा, आणि तिथून कुणी मूल घेऊन बाहेर पडताना दिसलं की बाकी सगळं सोडून त्याचा हात वर जायचा. कसा जायचा तो हात! घाईनं नाही, जोरानं नाही. फळ्यावर काही लिहून झाल्यावर वर्ग शांत व्हायची वाट बघावी तसा. आणि चौक शांत व्हायचा. दुकानातली बाई, चांगली घरंदाज, मान आखडलेली, काउंटरमागून म्हणाली, “बघताय काय त्यांच्याकडे? रोज येतात. निघतातसुद्धा ठरल्या वेळी. सरकारी माणूस असणार.” ती म्हणाली, “सरकारी वाटत नाहीत.” “तेही खरंच,” बाई म्हणाली, “सरकारी असते तर सावलीला उभे राहिले असते.” दोघी हसल्या. हा माझा नवरा, हे वाक्य तिच्या ओठांवर आलं आणि तिथेच राहिलं. तिला आणखी थोडा वेळ त्याच्याकडे परक्या माणसाकडे बघावं तसं बघायचं होतं. या माणसाशी आज पहिल्यांदा ओळख झाली असती, तर?

काळी गाडी आली ती तेवढ्यात. लांबूनच हॉर्न वाजवत, मधल्या पट्ट्यावर एक चाक चढवून, रांगेतल्या सगळ्यांना मागे टाकत ती थेट त्याच्या अंगापर्यंत आली आणि तिचं नाक त्याच्या गुडघ्यांना लागायच्या बेतात थांबली. समोरून दवाखान्यातली माणसं रस्ता ओलांडत होती. एक आजोबा, एक बाई, तिच्या कडेवर बँडेज बांधलेलं मूल. हॉर्न वाजतच राहिला. त्यानं हात खाली घेतला नाही. मग गाडीचं दार उघडलं आणि आतून एक धिप्पाड माणूस उतरला, अंगाला अत्तराचा वास, हातात फोन.

“ए म्हाताऱ्या, बाजूला हो.”

“एवढी माणसं जाऊ देत. मग आधी तुम्हालाच सोडतो.”

“तू सोडणार मला? कोण तू? कुणी नेमलं तुला इथे?”

तिच्या नवऱ्यानं त्या प्रश्नाचा खरोखरच विचार केला. एखाद्या विद्यार्थ्यानं अवघड प्रश्न विचारला की तो असाच मान किंचित तिरकी करायचा. मग तो म्हणाला, “कुणी नाही.” आणि जरा थांबून, तितक्याच साधेपणानं, “पण तुम्ही थांबा.”

त्या माणसानं त्याच्या छातीवर दोन्ही हात ठेवून ढकललं. फार जोरानंही नाही, रस्त्यातली खुर्ची सरकवावी तसं. तो मागच्या मागे पडला, मनगटावर, आणि चष्मा घरंगळत जाऊन मोटारसायकलच्या चाकाखाली गेला. “अहो!” हे आपण ओरडलो, हे तिला ओरडून झाल्यावर समजलं. ती धावली. धावताना तिनं बघितलं की समोरच्या रांगेतली बस सुरू झाली, आणि सरळ न जाता सावकाश वळून काळ्या गाडीच्या पुढ्यात आडवी उभी राहिली. इंजिन बंद झालं. बसचा ड्रायव्हर खिडकीतून कोपर बाहेर काढून त्या माणसाला म्हणाला, “साहेब, गाडी बंद पडली बघा माझी. काय करणार? थांबा आता.” मागच्या ट्रकवाल्यानं इंजिन बंद केलं. मग टेम्पोनं. मग एकेक करत सगळ्यांनी. त्या चौकात कित्येक दिवसांत, कदाचित वर्षांत, कुणी ऐकली नसेल अशी शांतता पसरली. त्या शांततेत कडेवरच्या मुलाचं मुसमुसणं ऐकू येत होतं, आणि अत्तरवाला माणूस सगळ्यांकडे आळीपाळीनं बघत होता. कुणी त्याला काही बोललं नाही. हात उगारला नाही. नुसते थांबून राहिले. शेवटी तो गाडीत जाऊन बसला आणि दार त्यानं आपटलं नाही, लावलं.

नवऱ्याला हाताशी धरून तिनं दुकानाच्या पायरीवर आणून बसवलं. दुकानातली बाई पाणी घेऊन आली. “अगंबाई, तुमचे का हे?” तिनं विचारलं. “माझेच,” ती म्हणाली. तो मात्र चाचपडत होता, डोळे बारीक करून चौकाकडे बघायचा प्रयत्न करत. “तू? तू इथे काय करतेस? छापखाना?” मग, “अगं, ते बघ, परत गुंता व्हायला लागला.” खरंच, इंजिनं सुरू झाली होती आणि प्रत्येकानं थोडं थोडं नाक पुढे घातलं होतं. तो उठायला लागला. त्याचं मनगट सुजत चाललं होतं.

“बसा. मी बघते.”

“तुला जमायचं नाही.”

“तुम्हाला जमतंय म्हणजे काय मोठं कठीण असणार,” ती म्हणाली, आणि पर्स त्याच्या मांडीवर ठेवून रस्त्यात उतरली.

रस्त्याच्या मधोमध कधी उभं राहून बघितलं आहे का कुणी? तिथे हवा वेगळी असते. खालून डांबराची धग पायांत चढते, चारी बाजूंनी धूर येतो, आणि आपण उघडे आहोत, सगळे आपल्याचकडे बघताहेत, असं वाटतं. खरं तर कुणीच बघत नसतं, आणि ते जास्त भीतिदायक. तिनं हात वर केला तो खांद्यापर्यंतच, वर्गात बाहेर जायची परवानगी मागावी तसा. एक ट्रक सरळ तिच्या अंगावर येत होता. त्याच्या काचेमागे ड्रायव्हरचा चेहरा, तोंडात काडी, नजर भलतीकडे. पळावं असं तिच्या गुडघ्यांना वाटलं. पण पाठीमागे पायरीवर तो बसला होता, आणि पलीकडे दवाखान्याच्या फाटकात माणसं साचली होती, आणि तिनं कोपर सरळ केलं, हात डोक्याच्या वर नेला, सगळी बोटं उघडून. ट्रक थांबला. एवढंच झालं. एक अवजड, गरम, घरघरणारी वस्तू तिच्या एका हातापुढे थांबली. त्या ड्रायव्हरनं तिला ओळखत नसताना, तिच्याजवळ ना शिक्का ना काठी, तरी पाय ब्रेकवर दाबला. तिला आपण मोठे झालो असं वाटलं नाही. उलट, गर्दीत एखाद्या अनोळखी बाईनं आपलं मूल क्षणभर तिच्या हातात द्यावं आणि विश्वासानं पाठ फिरवावी, तसं वाटलं. आता हे सांडायचं नाही. ती इकडे वळली, तिकडे वळली, चुकली, शिव्या ऐकल्या. एकानं विचारलं, “काकू, घरी काम नाही का?” ती म्हणाली, “आहे ना, ढीगभर. जा लवकर, म्हणजे मलाही जाता येईल.” आणि तो हसून गेला.

संध्याकाळी घरात, दिवे जायच्या आधी, तिनं त्याचं मनगट गरम पाण्यात धरलं होतं. दुकानातल्या बाईनं जुन्या फ्रेममध्ये तात्पुरत्या काचा बसवून दिल्या होत्या, “चष्म्याच्या दुकानासमोर चष्मा फोडलात, ही अक्कल तरी चांगली,” असं म्हणून. त्या फ्रेममध्ये तो भलताच तरुण आणि थोडा मूर्ख दिसत होता. स्वयंपाकघरात बांधून ठेवलेल्या भांड्यांची खोकी होती. तो आपणहून बोलायला लागला.

“पहिल्या दिवशी खरंच वाचनालयातच निघालो होतो. चौकात सगळं अडकलेलं. रुग्णवाहिका मध्ये, तिचा भोंगा नुसता केकाटतोय, आणि कुणी इंचभर हलत नाही. कसं हलणार? प्रत्येकाच्या पुढे कुणीतरी. मी आपला वर्तमानपत्र काखेत मारून मध्येच उभा. आणि सवयीनं बोलून गेलो.”

“संपला देश.”

“हां. जरा मोठ्यानंच. माझ्या मागे एक रिक्षा होती. तिच्यात एक बाई, मांडीवर पोर, पोराचे डोळे फिरलेले. ती मला म्हणाली, ‘काका, तुम्ही जरा बाजूला होता का? तुम्हीच वाटेत उभे आहात.’” पाण्यात त्यानं बोटं हलवून पाहिली. “रागानं नाही गं. अगदी नीट म्हणाली. मी मागे बघितलं, तर खरंच. मी सरकलो असतो तर रिक्षा सरकणार होती. मग मी सरकलो. बाजूच्या मोटारसायकलवाल्याला म्हटलं, जरा मागे घे बाबा. त्यानं घेतली. त्याच्या मागच्याला म्हटलं, त्यानंही घेतली. मला वाटलं होतं, कोण ऐकणार? सगळे ऐकत होते. कुणीतरी म्हणायची वाट बघत होते फक्त. रुग्णवाहिका निघाली, रिक्षा निघाली.”

“आणि ते पोर?”

“माहीत नाही,” तो म्हणाला. “दवाखान्यात जाऊन विचारायची हिंमत झाली नाही. दुसऱ्या दिवशी परत गेलो चौकात, विचारायलाच म्हणून. नाही विचारलं. तिथेच उभा राहिलो.”

“मला का नाही सांगितलंत?”

“काय सांगणार? तू रडली असतीस नाहीतर हसली असतीस. दोन्ही मला झेपलं नसतं.”

ती रडली नाही, हसलीही नाही. तिनं टॉवेलनं त्याचा हात पुसला, एकेक बोट वेगळं करून, जसं बबडीचं लहानपणी पुसायची. तिच्या डोळ्यांपुढे बाबा आले, अर्ध्या गालावर साबण लावलेले. आणि पहिल्यांदाच तिला वाटलं की त्यांना काहीतरी सांगायला हवं होतं, की बाबा, लागतं हो त्याला. फार लागतं. उशिरा उठला, एवढंच. मग ती उठली आणि बाहीचं बटण शिवायला बसली.

बबडीचा फोन आला तो रविवारी. मनगट सुजल्याचं आईच्या तोंडून निसटलं, आणि मग सगळंच सांगावं लागलं. पलीकडे नातवंडांचा गलका. मग बबडी भडकली. “बाबा, तुम्ही? रस्त्यात? तुम्हाला काय मेडल देणार आहेत का? उद्या गाडीखाली आलात तर हा देश बघायला येणार आहे?” तो म्हणाला, “मेडल नको गं. शिट्टी मिळाली तरी पुरे. ओरडून ओरडून घसा बसतो.” ती रडायला लागली. तिचं चुकत नव्हतं. तिकडे काचेच्या घरात, व्यवस्थित उजेडात, ती आपल्या म्हाताऱ्या माणसांसाठी घाबरी झाली होती. याहून सरळ गोष्ट कुठली? आईनं फोन हातात घेतला. काय बोलायचं ते तिनं ठरवलं नव्हतं. “बबडे,” ती म्हणाली, “येऊ आम्ही. पण पाहुणे म्हणून येऊ, आणि आता नाही. इकडे जरा काम निघालंय.” “कसलं काम आई?” “तुझे बाबा डावी-उजवी शिकताहेत,” ती म्हणाली, आणि बबडी रडता रडता फिसकन हसली. तिकिटं परत केली. त्यावरून फोनवर आणखी दोन-तीनदा वादावादी झाली. मग बबडीनं एका ओळखीच्या माणसाबरोबर एक पार्सल पाठवलं; आत एक शिट्टी होती, चकचकीत पिवळं जाकीट होतं, आणि चिठ्ठी वगैरे काही नव्हती. जाकीट बापाच्या मापाचं होतं, तर त्याच्याखाली घडी घालून आणखी एक होतं, आईच्या मापाचं. आईचं माप बबडीला कधीपासून ठाऊक होतं, याचं तिला उगाच नवल वाटलं. खोक्यांतली भांडी एकेक करत फळीवर परत आली.

छापखान्यात कागद येईना, म्हणून तिची पाळी दुपारची झाली होती, सकाळ मोकळी. दोघं मिळून जायची. दुकानातली बाई दार उघडायच्या आधी तासभर दवाखान्याच्या बाजूला उभी राहायला लागली. तिची मान आखडलेली असल्यामुळे ती एकाच दिशेला बघू शकायची, पण त्या दिशेला तिच्या नजरेतून सायकलसुद्धा सुटायची नाही. त्या बसचा ड्रायव्हर जाताना हॉर्न न वाजवता कपाळाला हात लावायचा. हे सगळं ऐकून कुणाला वाटेल की देश सुधारला. तसं काही नव्हतं. पेट्रोलच्या रांगा तशाच होत्या, औषधांच्या फळ्या तशाच. त्यांच्या इमारतीत आणखी एक कुलूप वाढलं. तो अजूनही सकाळी वर्तमानपत्र उलगडायचा, पहिल्या पानावर नजर टाकायचा, तोंड उघडायचा, मिटायचा, आणि घड्याळाकडे बघून म्हणायचा, “चल गं, शाळांची वेळ झाली.” तिला वाटायचं, प्रेम म्हणजे हेच असणार. विशेषणं सगळी गळून पडली आहेत, आणि तरी सकाळी उठून चपला घालायच्या. कधीकधी, रस्त्यात उभी असताना, तिला त्याच्याकडे बघून इतका अभिमान वाटायचा की हात वर करायचं भान सुटायचं आणि मागून तो ओरडायचा, “अगं, ट्रक!”

मग एका सकाळी ती एकटीच मध्ये होती. तो शिट्टी गळ्यात घालून पदपथावर पाणी पीत होता. दवाखान्याच्या फाटकातून एक बाप बाहेर पडला, खांद्यावर झोपलेलं मूल, मुलाचा पाय मांडीपर्यंत प्लॅस्टरमध्ये. धक्का लागू नये म्हणून तो इतकं सांभाळून चालत होता, की जणू रस्ताच काचेचा असावा. तिनं हात वर केला. गाड्या थांबल्या. तो निम्म्यापर्यंत आला असेल नसेल, तोच तिच्या डोक्यावर काहीतरी खट्‌ वाजलं, आणि समोरच्या गाड्यांच्या काचांवर एक हिरवा ठिपका उमटला. एकावर, मग मागच्या सगळ्यांवर. तिनं मान वर केली. सिग्नल लागला होता. धुळीनं माखलेला, पण हिरवा, त्या रांगेसाठी सरळ हिरवा. बाप अजून मध्येच होता, मुलाचा पांढरा पाय हवेत, आणि आता कायद्यानं, हक्कानं, त्या सगळ्यांना निघायची मोकळीक होती. सगळ्यांत पुढे एक टॅक्सी होती. तिच्या ड्रायव्हरनं हिरव्या दिव्याकडे पाहिलं. मग तिच्या हाताकडे पाहिलं. त्यानं गिअरवरचा हात काढून मांडीवर ठेवला. त्याच्या शेजारची मोटारसायकल थांबून राहिली. मागून कुणी हॉर्न वाजवला नाही. दिवा पिवळा झाला, लाल झाला, आणि पुन्हा हिरवा होईपर्यंत तो बाप आपल्या चालीनं, एक पाऊल, मग दुसरं, पलीकडे पोचला, आणि पदपथावर चढताना तिच्या नवऱ्यानं आपला बरा झालेला हात पुढे करून त्याला आधार दिला.

तिनं हात खाली घेतला. तेव्हा कुठे गाड्या निघाल्या.